दोन अर्ध्या चेहऱ्यांची शिकवणी

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी चहा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आणि हनुवटीवरून शर्टावर गेला. आधी कप तपासला. कपाला चीर नव्हती. दुसरा घोट घेतला, तोही त्याच वाटेने गेला. म्हणजे दोष कपात नव्हता.

आरशासमोर उभी राहिले. भुवया वर केल्या. उजवी गेली, डावी जागेवर. डोळे मिटले. उजवा मिटला, डावा उघडाच राहिला, त्यामुळे त्याला हे सगळं नीट दिसत होतं. हसून पाहिलं. अर्धंच आलं. दुखत काहीच नव्हतं.

मग दोन्ही हात वर धरले, बोटं हलवली, एका पायावर उभी राहिले. एक वाक्य मोठ्याने म्हटलं. शब्द सगळे होते, फक्त 'प' आणि 'ब' मधून हवा गळत होती. काय काय तपासायचं ते मला पाठ आहे, कारण गेल्या वर्षी या घरात हे एकदा होऊन गेलंय. बाबांना झटका आला तेव्हा त्यांचा उजवा हात पडला होता आणि शब्द गेले होते. माझे हात आणि शब्द शाबूत होते. म्हणून आईला काही न सांगता कामावर गेले.

आमच्या प्रयोगशाळेत दाबमापक, तापमापक, तराजू असल्या वस्तू तपासायला येतात. वस्तू खरं सांगते की नाही ते आम्ही प्रमाणपत्रावर लिहून देतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बरेच जण माझ्याशी बोलून गेले. कुणाला काही वेगळं दिसलं नाही. मोठ्या साहेबांनी एक विनोद सांगितला, मी हसले नाही, तर म्हणाले, "तुमचं आपलं नेहमीचंच."

फक्त समोरच्या टेबलावरचा दशांश येऊन उभा राहिला. (दशांशचिन्ह इकडचं तिकडे टाकायची त्याला सवय आहे. नाव मी ठेवलेलं नाही.)

"तुझ्या डाव्या भुवईला काय झालंय?"

"काही नाही."

"आकडा चुकलेला दिसला की तू ती वर करतेस. आज तुला तीन चुकलेले आकडे दाखवले. हलली नाही."

"मुद्दाम चुकीचे दाखवलेस?"

"दोन मुद्दाम. एक माझा होता."

त्याची निरीक्षणशक्ती चांगली आहे. कामात दिसत नाही, एवढंच.

त्यानेच स्कूटरवरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "कपाळाला आठ्या घाला." मी घातल्या. "उजवीकडेच पडल्या. छान."

"यात छान काय?"

"झटका असता तर कपाळ दोन्हीकडे हललं असतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खी बाजू बंद आहे, म्हणजे कानामागून चेहऱ्याकडे येणारी नस सुजली असणार. गोळ्या लगेच सुरू करू. बहुतेकांचं काही आठवड्यांत बरं होतं."

"बहुतेकांचं म्हणजे किती टक्के?"

"इंजिनिअर आहात का?" त्यांनी विचारलं. टक्के सांगितले नाहीत. सकाळीच का आला नाहीत म्हणून मात्र रागावले. झटका आहे की नाही हे घरच्या आरशात ठरवायचं नसतं, असं म्हणाले.

घरी आईने माझ्याकडे पाहिलं, गॅस बंद केला आणि खाली बसली. हा झटका नाही हे तिला तीनदा सांगावं लागलं. आत्या म्हणाली, "बघा, आता बापलेक मिळून एक तोंड. त्याची उजवी बंद, हिची डावी."

"वन्सं, पुरे," आई म्हणाली.

आत्या बाबांची थोरली बहीण. बाबा आजारी पडल्यावर चार दिवस मदतीला म्हणून आली आणि राहिली. ती वाईट नाही. तोंडाला झाकण नाही.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. बराच वेळ माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरोबर."

बाबा शाळेत गणित शिकवायचे. झटक्यानंतर त्यांच्याजवळ हा एकच शब्द उरला. त्यांना कळतं सगळं, पण बोलायला गेलं की 'बरोबर' बाहेर येतं. चहा गार असला तरी बरोबर, आत्या गप्प बसत नसली तरी बरोबर. आम्ही सुरावरून अर्थ लावतो. आजचा सूर मी पूर्वी ऐकला नव्हता.


८ फेब्रुवारी, शनिवार

डावा डोळा रात्री पट्टी लावून बंद करते. दिवसा थेंब आणि चष्मा. दशांशने चहा-पाणी प्यायच्या वाकणाऱ्या नळ्यांची पाकिटं आणून दिली, तीन वेगवेगळ्या जाडीची, "कुठली बसते ते बघ." मधली बसते. त्याने टेबलही माझ्या उजव्या बाजूला हलवलं. तिकडे उजेड जास्त आहे म्हणाला. खिडकी डावीकडे आहे.

आज आईने बाबांना पुन्हा शब्दवाल्या बाईंकडे जाण्याबद्दल विचारलं. या बाई वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवतात. बाबा सुरुवातीला दोनदा गेले होते. दुसऱ्या वेळी बाईंनी सफरचंदाचं चित्र पुढे धरलं आणि विचारलं, "सर, हे काय आहे?" बाबांनी चित्राकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं. त्यानंतर गेले नाहीत. बाई म्हणतात की शब्द अजूनही परत येऊ शकतात, पण आपण होऊन येणार नाहीत. माणूस जितका गप्प राहील तितकं अवघड होत जाईल.

आई म्हणाली, "येताय का मंगळवारी?"

बाबा म्हणाले, "बरोबर," आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

"याने बोलण्याचं नावच टाकलंय," आत्या म्हणाली. आईने तिला ओरडायला हवं होतं. ओरडली नाही. मला त्याचीच भीती वाटली.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायाम दिले. आरशासमोर बसून भुवया वर, नाक वर, गाल फुगवायचे, ओठांचा चंबू, मग पा, बा, मा, फा. हळू करायचं, जोर लावायचा नाही.

न्हाणीघरातला आरसा लहान आहे आणि बाहेर आत्या दार वाजवते. मोठा आरसा बाबांच्या खोलीत कपाटाला आहे. त्या खोलीत मी गोळ्या द्यायला जाते. बसायला जात नाही. बसून काय बोलायचं हे मला बाबांकडे शब्द होते तेव्हाही सुचायचं नाही.

संध्याकाळी बाबा खुर्चीत डोळे मिटून होते. झोपलेत असं धरून मी आरशासमोर बसले आणि गाल फुगवले. हवा डावीकडून भसकन बाहेर पडली. पुन्हा फुगवले. पुन्हा तेच. मग चंबू केला. अर्धा झाला. मागून एक आवाज आला, खोकल्यासारखा. बाबा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. वर्षभरात त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं.

"पा," मी म्हटलं. हवा गळाली.

"बरोबर," बाबा म्हणाले. सूर वर्गातला. 'काय हे, पुन्हा कर' हा त्याचा अर्थ.

"पा."

"बरोबर." काठी जमिनीवर आपटली.

"पा. याच्यापेक्षा चांगलं येत नाही, बाबा. तुम्ही म्हणून दाखवा."

हे मी उद्धटपणे म्हटलं. बाबांनी डावा हात वर केला, स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवलं, ओठ घट्ट मिटले आणि म्हणाले, "पा."

मी व्यायामाचा कागद उचलला. पुढची ओळ वाचली. "बा."


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कामावरून शब्दवाल्या बाईंना फोन केला. काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिकायला बसवलं तर ते उठून जातात. शिकवायला बसलेत. बसू द्या."

"म्हणजे मी काय करू?"

"तुम्ही ढ व्हा."

मला हे कधी जमलेलं नाही, पण डावी बाजू मदतीला आहे. बाईंनी पाणी, बस, किल्ली, छत्री असे शब्द सांगितले. हे ओठांच्या व्यायामाचे शब्द आहेत असं मी घरी सांगितलं आहे. आत्याने विचारलं, "किल्लीला ओठ कुठे लागतात?" तिच्याकडे लक्ष दिलं नाही.


२३ फेब्रुवारी, रविवार

शिकवणी रोज संध्याकाळी होते. बाबा खुर्चीत, मी स्टुलावर, दोघांचं तोंड आरशाकडे. मी शब्द वाचते आणि 'प' गाळते. ते काठी आपटतात. मी म्हणते, कसं ते दाखवा. त्यांना दाखवावं लागतं. 'पाणी' आलं. 'बस' आलं, आत्या त्यांना धरायला उठली की तिला तेच म्हणतात. 'किल्ली'ची 'चिल्ली' होते. मी उजव्या बाजूने हसले तर मला काठीने टोचलं.

आज नवीन शब्द आला. यादीत नव्हता. मी 'बाबा' नीट म्हटलं नाही, त्यांनी काठी उचलली, 'बरोबर' म्हणायला तोंड उघडलं आणि ते अडलं. पुन्हा उघडलं. मान लाल झाली. मग म्हणाले, "चूक."

आई दारात कपड्यांच्या घड्या घालत उभी होती. ती घडी तशीच घेऊन आत गेली. थोड्या वेळाने आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

त्यानंतर आज प्रत्येक गोष्ट चूक आहे. चहा चूक, उशी चूक, आत्या तर येता-जाता चूक. "वर्षभर बरोबर ऐकून कान किटले होते," आत्या म्हणाली, "पण हे जरा जास्तच खरं बोलतोय."


३ मार्च, सोमवार

सकाळी डावा कोपरा हलला. अगदी थोडा. मोजायचा वर्नियर लावून पाहिलं, दोन मिलिमीटर. आरसा पुसून पुन्हा मोजलं, दोनच.

बराच वेळ आरशासमोर बसून राहिले. चेहरा परत येईल की नाही याचा मी विचार करत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. इथेही तेच लिहीत आले, म्हणजे काहीच लिहिलं नाही. विचार करत होते. रोज करत होते.

कामावर दशांश म्हणाला, "आज हसलीस."

"नाही."

"दोन मिलिमीटर."

मी त्याला आकडा सांगितला नव्हता. अंदाज चांगला लागला.


९ मार्च, रविवार

भुवई हलायला लागली. डोळा जवळजवळ मिटतो. चहा आता जागच्या जागी राहतो. डॉक्टर खूश आहेत.

प्रश्न असा आहे. माझा 'प' सुधारला की शिकवणी कशासाठी? काल चुकून 'पाणी' एकदम स्वच्छ म्हटलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, काठी भिंतीला टेकवली आणि खिडकीकडे वळले. मी लगेच 'बस' म्हणताना हवा सोडली. काठी परत हातात आली.

शब्दवाल्या बाई म्हणतात की आता कुठे गाडी रुळावर येतेय, इतक्यात थांबलं तर ते पुन्हा गप्प होतील. म्हणून घरात डावी बाजू बंद ठेवायची असं मी ठरवलं. बाहेर चालू, घरात बंद. दिवसभर मी इतर वस्तूंना खरं सांगायला लावते आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः चुकीचं वाचन दाखवते. माझ्या हाताखाली असलं दाबमापक आलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं.


१८ मार्च, मंगळवार

वाटलं होतं त्यापेक्षा अवघड आहे. खरी बंद बाजू आपोआप बंद राहते. खोटी बंद ठेवायला सारखं लक्ष द्यावं लागतं, आणि जेवताना लक्ष जेवणाकडे जातं. आज आत्याने काहीतरी विचारलं आणि मी घाईत उजवी बाजू बंद केली.

आत्याचा घास तोंडातच राहिला. "काल डावी होती ना ग?"

"डावीच आहे."

"मग ही उजवी का लोंबतेय? अहो वहिनी, हिचं पलीकडे गेलं."

आई धावत आली. तोवर मी डावी बंद केली होती. आत्या म्हणाली की तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आजार तोंडभर फिरतोय, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. बाबांना जेवताना ठसका लागला. पाठीवर थापटावं लागलं. ठसका थांबल्यावर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "चूक." उच्चाराबद्दल असावं. त्या वेळी मी काही बोलत नव्हते, हे खरं.

शब्दांची प्रगती थांबल्यासारखी झालीये. 'छत्री'ला रोज 'कात्री' म्हणतात. 'गप' हाही शब्द दोन आठवडे अडलाय.


२५ मार्च, मंगळवार

आई म्हणाली, "आज त्यांनी चहात साखर कमी आहे म्हणून सांगितलं."

"कसं सांगितलं?"

"तोंडाने."

"'साखर' शिकवणीत अजून आलेला नाही."

"मग मला भास झाला असेल," आई म्हणाली आणि साखरेचा डबा उघडला.

आत्याची तक्रार आहे की बाबा तिला दुपारी 'गप' म्हणाले. चांगलं मोकळं, ठणठणीत 'गप'. संध्याकाळी मी तोच शब्द तपासला. बाबांनी खूप प्रयत्न केला, घाम पुसला, "ग... ग... गवत." म्हणजे आत्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. अशा आजारात शब्द कधी येतो, कधी जातो, हे बाईंनी सांगितलेलंच आहे.

एक मात्र आहे. शिकवणी हल्ली लांबत चालली आहे. शब्द संपले तरी मी उठत नाही. बाबा हाताने खुणा करून शाळेतल्या गोष्टी सांगतात आणि मी अर्थ ओळखते. बहुतेक चुकीचा ओळखते. आज एक मुलगा आणि बाक एवढं कळलं. बाकीचं उद्या सांगणार आहेत.


३ एप्रिल, गुरुवार

फिजिओवाल्या बाईंनी ओठ पुढे करायला सांगितले. मी केले. त्या जवळ आल्या, हाताने माझी हनुवटी धरली.

"पुन्हा करा. डोळा बघा."

ओठ पुढे गेले की डावा डोळा आपोआप बारीक होत होता.

"घरी काय करताय? ही बाजू दाबून धरताय का?"

मी म्हटलं, "थोडा वेळ."

"का?"

कारण सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असा डोळा कधीकधी तसाही ओढला जातो. पण नस आत्ता नव्याने जोडली जातेय, आत्ता शिकवाल ते तिला लागेल. तोंड आणि डोळा एकत्र बांधून बसली तर सोडवायला वर्षं लागतात, आणि पूर्ण सुटेलच असं नाही. तुम्ही वडिलांसाठी करताय ते कळतं मला. पण हे आजपासून बंद."

बाहेर दशांश थांबला होता. हल्ली थांबतो, त्याच्या वाटेवर पडतं म्हणतो. त्याचं घर उलट्या दिशेला आहे. त्यालाही सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, समोर होता म्हणून.

"वडिलांना सांगून टाक," तो म्हणाला.

"ते थांबतील."

"नाही थांबले तर?"

"थांबतील. मी त्यांना ओळखते."

"तू मला रोज बघतेस," तो म्हणाला, "मला ओळखतेस का?" आणि स्कूटर सुरू केली. प्रश्न विषयाला धरून नव्हता.

रविवारी सांगायचं ठरवलं आहे. माझा चेहरा किंवा त्यांचे शब्द, असं गणित आहे. तिसरं उत्तर अजून सापडलेलं नाही.


६ एप्रिल, रविवार

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी औषधं आणायला गेले होते. दुकान बंद होतं, म्हणून लवकर परतले. जिन्यात शेवटच्या वळणावर असताना घरातून भांडण ऐकू आलं. दार उघडंच होतं.

आत्या म्हणत होती, "मला काय करायची तुझी छत्री? वर्ष झालं तू कुठे बाहेर पडलायस?"

मग एक पुरुषाचा आवाज. सावकाश, शब्दागणिक थांबत. "माझी. छत्री. दे."

"माळ्यावर आहे, काढते नंतर."

"आत्ता. दे. तू... हरवलीस."

"हरवली नाही रे बाबा, माझ्यावर आळ घेतोस?"

"गप."

मी दारात उभी राहिले. बाबा खुर्चीसमोर काठीवर उभे होते. मला पाहून त्यांनी तोंड मिटलं. आत्याने पदर सारखा केला. मग बाबा माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "कात्री."

"छत्री म्हणालात, बाबा."

"कात्री," ते म्हणाले. ठामपणे.

"अरे आता कशाला," आत्या म्हणाली, "पकडला गेलास. वहिनी, या बाहेर, नाटक संपलं."

आई बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे साखरेचं प्रकरण भास नव्हता. 'गप' हाही नव्हता. माझ्यासमोर पुराव्यांचा ढीग पडला होता आणि मी एकेकाला बाजूला काढून टाकत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

बाबांनी काठीचं टोक उचलून माझ्या कपाळाकडे केलं. माझी डावी भुवई वर गेली होती. ती चांगली कमानदार झाली होती आणि मला तिची आठवणही राहिली नव्हती.

"तुझंही माहीत आहे त्यांना," आई म्हणाली. "तू दोन्ही बाजूंनी चावतेस. चहा फुंकून पितेस. बंद तोंडाने फुंकता येतं का?"

"आणि ती उजवी लोंबवलीस," आत्या म्हणाली, "तेव्हा ठसका लागला नव्हता त्याला. हसत होता. मला मात्र दोन दिवस झोप नाही, मला कुणी काही सांगत नाही."

मी बाबांना विचारलं, "मी तुमच्यासाठी करत होते. तुम्ही कशासाठी केलंत? तुम्हाला छत्री येते. गप येतं. मग माझ्यासमोर कात्री का?"

ते खुर्चीत बसले. बसायलाही त्यांना वेळ लागतो. मग शब्द शोधायला लागले. मी त्यांना आधी अशा वेळी शब्द पुरवायचे. आज पुरवला नाही, कारण कुठला शब्द येणार आहे ते मला ठाऊक नव्हतं.

"शिकलो," ते म्हणाले. थांबले. "तर. तू." पुन्हा थांबले. डाव्या हाताने स्टूल दाखवलं. "बसणार. नाहीस."

आई स्वयंपाकघरात गेली. आत्याही गेली, आणि आपण होऊन गेली याची नोंद करायला हवी.

मी जाऊन स्टुलावर बसले. आरशात दोघं दिसत होतो. मी डावी बाजू सोडून दिली, पूर्ण. इतके दिवस धरल्यामुळे गाल दुखत होता.

"फिजिओवाल्या बाई रागावल्यात," मी म्हटलं. "मला आता ढ राहता येणार नाही. पण तुम्हालाही राहता येणार नाही. माझ्या यादीतले शब्द तुम्हाला येतात, यापुढचं मला शिकवता येत नाही. शब्दवाल्या बाईंना येतं. मंगळवारी चला. मी इथे रोज बसेन. त्यासाठी कुणाला काही न येण्याची गरज नाही."

बाबांनी विचार केला. "सफरचंद," ते म्हणाले, अगदी स्वच्छ, आणि तोंड वाकडं केलं.

"त्यांना सांगते चित्रं नकोत म्हणून."

"तू. पण."

"मी पण येते."

मग त्यांनी तो मुलगा आणि बाकाची गोष्ट पूर्ण केली. मुलगा बाकाखाली लपला होता आणि बाबांनी तिथेच वाकून त्याला पाढे विचारले होते. इतके दिवस मी समजत होते की बाक मोडला.


७ एप्रिल, सोमवार

कामावर दशांशला सांगितलं, बाबा थांबले नाहीत. तो म्हणाला, "मग आज चहा. दोन्ही बाजूंनी पिता येतो का ते बघायला हवं."

मी म्हटलं की घरी तपासून झालंय.

"एका ठिकाणचं वाचन धरतात का आपल्याकडे?"

मुद्दा बिनतोड होता. गेले. चहा सांडला, पण त्याचा, आणि कशामुळे ते समजलं नाही. मी काहीच केलं नव्हतं, फक्त त्याच्याकडे पाहिलं होतं. उद्या पुन्हा करून पाहू म्हणाला.


८ एप्रिल, मंगळवार

बाबा वर्षभराने बाहेर पडले. छत्री घेतली. आकाश कोरडं होतं, तरी घेतली. आत्याने दार लावेपर्यंत 'जपून जा' म्हणणं चालू ठेवलं आणि बाबांनी जिना उतरेपर्यंत 'गप' म्हणणं.

शब्दवाल्या बाईंची खोली लहान आहे. टेबलावर आज चित्रं नव्हती. बाईंनी बाबांना खुर्ची दिली, मला बाजूची दिली. माझ्याकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "बोला सर. काय त्रास होतोय?"

बाबांच्या काठीवरचा हात घट्ट झाला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बाईंनी हात जरा वर करून मला थांबवलं.

बाबांचे ओठ एकदा 'ब' वर आले. तो जुना शब्द बाहेर पडणार असं मला वाटलं आणि मी खाली जमिनीकडे पाहायला लागले. त्यांनी ओठ मिटले. पुन्हा सुरुवात केली. डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं.

"हिला," ते म्हणाले. "हसता. येत नाही."

बाईंनी मान डोलावली, तक्रार लिहून घेतात तशी. "अस्सं. कधीपासून?"

नस बंद पडली ती तारीख मी सांगणार होते.

"जन्मा..." बाबा म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "जन्मापासून."

बाई गंभीर राहिल्या. मला जमलं नाही. मी हसले, आवाज होईल इतकं. दोन्ही बाजू सारख्या वर गेल्या की नाही, डोळा बारीक झाला की नाही, हे तपासायला समोरच आरसा होता. मी त्यात पाहिलं नाही. बाबा पाहत होते.